सागरगोट्याचे नमुनापत्र : वनस्पतिसंग्रहातील नोंदीची चिकित्सा (रोहा परिसराच्या विशेष संदर्भात)

प्रास्ताविक

साहित्याच्या अभ्यासकाला चिकित्सा हा शब्द ग्रंथांच्या संदर्भात परिचित आहे. एखाद्या काव्याची अनेक हस्तलिखिते मिळाली आणि त्यांत पाठभेद आढळले, की मूळ पाठ ठरविण्यासाठी जी शिस्त वापरली जाते तिला आपण पाठचिकित्सा म्हणतो. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने १९१९ ते १९६६ या काळात सिद्ध केलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती हे या शिस्तीचे महाराष्ट्रातील सर्वांत भव्य उदाहरण होय. प्रस्तुत लेखात हीच दृष्टी एका वेगळ्या लिखित साधनाला लावून पाहिली आहे. ते साधन म्हणजे हर्बेरियममधील, अर्थात शुष्क वनस्पतिसंग्रहातील, नमुनापत्र.

विवेचनासाठी निवडलेली वनस्पती कोकणातील कोणत्याही घराला अपरिचित नाही. सागरगोटा किंवा गजगा या नावाने ओळखले जाणारे शिंबावंत कुलातील हे काटेरी, इतर झाडांवर पसरत चढणारे झुडूप समुद्रकिनारी, खाडीकाठी आणि कुंपणांत रानटी वाढते. त्याच्या करड्या, टणक, गुळगुळीत बियांनी मुलींच्या कित्येक पिढ्या खेळल्या आहेत, आणि तेच बी उगाळून काही घरांत बाळगुटीत दिले जाते. इतक्या ओळखीच्या वनस्पतीची शास्त्रीय नोंद मात्र गेली अडीच शतके सतत वादात राहिली आहे. या वादात नमुनापत्र कोणती साक्ष देते, कोठे मौन पाळते, आणि त्यावरून रोह्यासारख्या तालुक्याच्या ठिकाणी काम करणाऱ्या महाविद्यालयीन संशोधकाने काय बोध घ्यावा, हा या लेखाचा विषय आहे.

नमुनापत्राचे स्वरूप

नमुनापत्र म्हणजे दाबून वाळविलेली वनस्पती चिकटविलेला किंवा शिवलेला जाड कागद. भारतात त्याचा आकार सामान्यतः सुमारे ४२ × २८ सें.मी. असतो. कागदाच्या उजव्या कोपऱ्यात नोंदचिठ्ठी असते. तीत वनस्पतीचे नाव, कुल, स्थळ, दिनांक, संग्राहकाचे नाव व त्याचा क्रमांक आणि दोन-चार ओळींची टिपणे असतात. पुढे एखाद्या तज्ज्ञाने ओळख बदलली, तर तो जुनी चिठ्ठी काढून टाकत नाही. आपले नाव, दिनांक आणि नवे वनस्पतिनाम लिहिलेली दुसरी चिठ्ठी तो शेजारी चिकटवतो. त्यामुळे जुन्या पत्रावर मतांचे थर साचत जातात. चिकित्सक आवृत्तीत स्वीकृत पाठाखाली नाकारलेले पाठ जसे जपले जातात, तशीच ही पद्धत आहे. फरक एवढाच की येथे पाठभेदांच्या शेजारी प्रत्यक्ष वस्तूही उपलब्ध असते.

या पद्धतीचा इतिहास आपल्या विषयाशी अनपेक्षितपणे जोडलेला आहे. वाळविलेल्या वनस्पती कागदावर लावून संग्रह करण्याची प्रथा सोळाव्या शतकात इटलीत लूका गिनी या प्राध्यापकाने रूढ केली असे मानले जाते. त्याचा शिष्य आंद्रेआ चेसाल्पीनो याने १५६३ मध्ये तयार केलेला ७६८ वनस्पतींचा संग्रह आजही फ्लॉरेन्स येथे सुरक्षित आहे. या चेसाल्पीनोच्या नावावरून 'सीसॅल्पिनिया' ही प्रजाती ओळखली जाते, आणि सागरगोटा दीर्घकाळ याच प्रजातीत गणला गेला.

महाराष्ट्रापुरते पाहता, मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातील ब्लॅटर हर्बेरियम आणि भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेच्या पुणे येथील पश्चिम विभागीय केंद्राचा संग्रह ही दोन प्रमुख साधने आहेत. पहिल्याचा आरंभ १९०६ मधील असून कोकणच्या खारफुटीवर १९०५ मध्येच लिहिणाऱ्या एथेलबर्ट ब्लॅटर या स्विस जेझुइट अभ्यासकाचे नाव त्यास दिले आहे. दुसरे केंद्र १९५५ मध्ये स्थापन झाले. याशिवाय जुन्या संग्राहकांची असंख्य पत्रे लंडनजवळील क्यू येथे आहेत.

सागरगोट्याच्या बाबतीत नमुनापत्राची एक भौतिक मर्यादा लक्षात घेणे अगत्याचे आहे. या वनस्पतीचे संयुक्त पान ३० ते ६० सें.मी. लांब असते, म्हणजे पुष्कळदा कागदापेक्षा मोठे. त्याच्या मध्यशिरेवर आकडेदार काटे असतात. संग्राहकाला पान दुमडावे लागते किंवा कापावे लागते, आणि कापताना सोयीचा भाग म्हणजे टोकाकडचा. देठाच्या तळाशी असलेली पानांसारखी मोठी उपपर्णे अशा वेळी झाडावरच राहून जातात. सागरगोटा आणि त्याची पिवळ्या बियांची सख्खी जात यांतील भेद ओळखण्याची महत्त्वाची खूण ही उपपर्णेच आहेत. फुले एकलिंगी असल्यामुळे नर झाडाच्या फांदीवरून काटेरी शेंग आणि करडे बी यांची साक्षही मिळत नाही. तात्पर्य, अपुरे पत्र हे फाटलेल्या पोथीसारखे असते. त्यावरून पाठ ठरविता येतोच असे नाही. नमुना कसा कापला गेला, हा प्रश्न म्हणूनच तांत्रिक तपशिलापुरता राहत नाही. नोंदीची विश्वासार्हता त्यावर अवलंबून असते.

नावांचे पाठभेद

लिनीअसने १७५३ मध्ये 'स्पीशीज प्लांटारम' या ग्रंथात या वनस्पतीस 'ग्विलँडिना बोंडुक' असे नाव दिले. यातील पहिला शब्द पादुआ येथील उद्यानाचा प्रमुख मेल्खिओर ग्विलँडिनस याच्या स्मरणार्थ आहे, तर दुसरा अरबी 'बुंदुक' या शब्दावरून आला आहे. १७६२ मध्ये त्यानेच 'बोंडुसेला' हे दुसरे नाव प्रचारात आणले. विल्यम रॉक्सबर्ग याच्या १८३२ मध्ये मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या 'फ्लोरा इंडिका'त 'बोंडुक' हे नाव सीसॅल्पिनिया प्रजातीत आले. एकोणिसाव्या शतकातील भारतविषयक ग्रंथांत करड्या बियांच्या आपल्या सागरगोट्याला प्रामुख्याने 'सीसॅल्पिनिया बोंडुसेला' म्हटले गेले, आणि 'बोंडुक' हे नाव पिवळ्या बियांच्या जातीकडे गेले. विसाव्या शतकाच्या आरंभी काही अभ्यासकांनी सागरगोट्यास 'सीसॅल्पिनिया क्रिस्टा' म्हणण्यास सुरुवात केली.

१९३८ मध्ये डँडी आणि एक्सेल या दोन ब्रिटिश अभ्यासकांनी या तीन नावांची छाननी केली. लिनीअसने प्रत्येक नाव देताना कोणता पुरावा समोर ठेवला होता, हे तपासून त्यांनी निर्णय दिला. करड्या बियांचा सागरगोटा तो 'बोंडुक', पिवळ्या बियांची जात ती 'मेजर', आणि ज्या वनस्पतीस तोपर्यंत 'नुगा' म्हटले जात होते ती 'क्रिस्टा'. ही तिसरी वनस्पती खारफुटीच्या कडेने चढणारी, चकचकीत पानांची वेल आहे. तिच्या पानांत दलांची संख्या थोडी असते आणि तिची शेंग काटेविरहित व बहुधा एकबीजी असते. सागरगोट्याच्या शेंगेवर मात्र दाट, ताठ काटे असतात आणि आत एक-दोन करड्या बिया असतात. प्रत्यक्ष झाड पाहणाऱ्याचा या दोहोंत घोटाळा होण्याचे कारण नाही. घोटाळा होतो तो कागदावरील नावाचा.

या निर्णयाचा परिणाम असा झाला की एकाच नावाचा अर्थ १९३८ च्या आधी एक आणि नंतर दुसरा ठरला. त्यातही सर्वांनी नवा अर्थ एकाच वेळी स्वीकारला नाही. औषधी वनस्पतींवरील भारतीय साहित्यात 'क्रिस्टा' हे नाव सागरगोट्यासाठी पुढेही दीर्घकाळ वापरले गेले, आणि संस्कृतातील लताकरंज व कुबेराक्ष ही नावे त्याला जोडली गेली. १८६८ च्या 'फार्माकोपिया ऑफ इंडिया'ने ज्वरावरील औषध म्हणून ज्या बियांना स्थान दिले होते, त्या बियांविषयी नंतरच्या काळात लिहिताना कोणी 'बोंडुक' लिहिले, कोणी 'क्रिस्टा'. एखाद्या प्रयोगशाळेने 'क्रिस्टा'च्या बियांच्या अर्काचा गुण सांगितला, तर तो अर्क खरोखर कोणत्या झाडाचा, हे केवळ नावावरून निश्चित करता येत नाही. बी उगाळून बालकास देण्याची प्रथा जेथे जिवंत आहे, तेथे ही अनिश्चितता केवळ शब्दच्छलाची राहत नाही.

नावाचा प्रवास येथे थांबलेला नाही. २०१६ मध्ये एडलीन गान्यों व सहकाऱ्यांनी डीएनएच्या आधारे सीसॅल्पिनिया गटाची फेरमांडणी केली, तेव्हा सागरगोटा पुन्हा लिनीअसच्या 'ग्विलँडिना' प्रजातीत गेला. २०२२ मध्ये 'क्रिस्टा'साठी 'टिकँटो' ही प्रजाती पुनरुज्जीवित करण्यात आली. हे नाव फ्रेंच शास्त्रज्ञ ॲडन्सन याने १७६३ मध्ये दिले होते, आणि त्याचे मूळ सतराव्या शतकातील 'होर्टुस मलबारिकुस' या ग्रंथात नोंदविलेल्या मलबारातील स्थानिक नावात आहे. मलबारच्या रहिवाशांनी दिलेले नाव अशा प्रकारे साडेतीनशे वर्षांनी जागतिक परिभाषेत परतले आहे.

या सर्व उलथापालथीत नमुनापत्र जेथे होते तेथेच राहिले. पत्र उपलब्ध असेल तर १९०० मधील संग्राहकाला कोणती वनस्पती अभिप्रेत होती हे आजही ठरविता येते. त्याची शेंग पाहावी, दले मोजावीत, उपपर्णे शोधावीत. पत्र नसेल, केवळ यादीतील नाव असेल, तर तर्काखेरीज दुसरा मार्ग उरत नाही.

स्थळाची नोंद

जुन्या नोंदींतील स्थळनिर्देश हा चिकित्सेचा स्वतंत्र विषय आहे. क्यू येथील संग्रहात हूकर आणि थॉमसन यांच्या नावाने छापलेली एक चिठ्ठी अनेक पत्रांवर आढळते. तीत स्थळ म्हणून 'मलबार, कोकण इत्यादी' आणि संग्राहक म्हणून 'स्टॉक्स, लॉ इत्यादी' एवढेच आहे. जवळजवळ अर्धा पश्चिम किनारा आणि अनेक माणसे या दोन 'इत्यादीं'मध्ये सामावली आहेत. त्या पत्रावरील वनस्पतीची ओळख पटेल, पण ती कुंडलिकेच्या काठची की कारवारची, हे पत्र सांगू शकत नाही.

दुसरी अडचण आपल्या जिल्ह्याशी थेट संबंधित आहे. रोहा तालुका ज्या जिल्ह्यात मोडतो त्याचे नाव १९८१ पूर्वी कुलाबा होते. मुंबई बेटावरील कुलाबा हे त्याच नावाचे दुसरे ठिकाण, आणि इंग्रजी नोंदींत दोहोंचे लेखन अनेकदा एकसारखेच. किनाऱ्यावरील वनस्पतीच्या बाबतीत दोन्ही स्थळे तितकीच संभाव्य ठरतात. अशा वेळी संग्राहकाची दैनंदिनी, त्याच्या आगेमागेच्या क्रमांकांची स्थळे आणि दिनांक यांचा मेळ घालूनच निर्णय करावा लागतो. आज जुन्या पत्रांची छायाचित्रे संगणकावर आणून त्यांना अक्षांश-रेखांश जोडले जातात. हे कार्य स्वागतार्ह आहे, परंतु 'कोकण' किंवा 'कुलाबा' या शब्दाचे नकाशावरील एका ठिपक्यात रूपांतर होताच संदिग्धता नाहीशी झाल्याचा भास होतो. मूळ चिठ्ठीतील संदिग्धता ठिपक्यासोबत जपली गेली पाहिजे, हा आक्षेप नोंदविणे आवश्यक वाटते.

सागरगोट्याच्या बाबतीत 'स्थळ' या संज्ञेचाच विचार करावा लागतो. त्याच्या बियांचे कवच अत्यंत टणक असते आणि बीजदलांमध्ये पोकळी असते. त्यामुळे ते दीर्घकाळ समुद्रावर तरंगते. ही वनस्पती जगभरच्या उष्ण किनाऱ्यांवर पसरली, आणि तिच्या बिया वायव्य युरोपच्या थंड किनाऱ्यांवरही वाहत गेलेल्या आढळतात, त्या याच कारणाने. तेव्हा किनाऱ्यावर सापडलेले बी म्हणजे तेथील झाड नव्हे. कुंडलिका रेवदंड्याजवळ समुद्राला मिळते आणि भरतीचे पाणी खाडीतून रोह्याच्या दिशेने आत चढते. या पट्ट्यातील झुडूप भरतीने आणलेल्या बीपासून उगवलेले आहे, की कुंपणासाठी मुद्दाम लावलेले, की लावलेल्या कुंपणातून रानात उतरलेले, हे तीन वेगळे इतिहास आहेत. 'रोहा, कुंपणात' आणि 'रोहा, खाडीच्या बांधावर' या दोन टिपणांत म्हणूनच मोठे अंतर आहे. संग्राहकाने हे दोन शब्द लिहिले नाहीत, तर नंतरच्या कोणालाही ते भरून काढता येत नाहीत.

नोंदीतील मौन

जॉन ग्रॅहमचा मुंबई परिसरातील वनस्पतींचा 'कॅटलॉग' (१८३९), डाल्झेल व गिब्सन यांचा 'बॉम्बे फ्लोरा' (१८६१) आणि थिओडोर कुक यांचा 'फ्लोरा ऑफ द प्रेसिडेन्सी ऑफ बॉम्बे' (१९०१-१९०८) ही आपल्या प्रदेशाच्या वनस्पतिलेखनाची परंपरा आहे. तिची शिस्त आदरणीय आहे. ज्याचा नमुना स्वतः तपासला त्या संग्राहकाच्या नावापुढे कुक उद्गारचिन्ह देतात. इतरांनी सांगितलेले आणि आपण पाहिलेले यांतील भेद एका चिन्हाने दाखविण्याची ही रीत आजच्या अनेक शोधनिबंधांत दुर्मीळ आहे.

तथापि, या परंपरेच्या नोंदींत एक गोष्ट सातत्याने अनुपस्थित असते. वनस्पती दाखविणारा, तिचे नाव सांगणारा, काट्यांतून फांदी कापून आणणारा माणूस चिठ्ठीवर क्वचितच येतो. ग्रंथांत देशी नावे येतात, पण ती कोणाच्या तोंडची, हे कळत नाही. याउलट, व्हान र्‍हीड याने सिद्ध केलेल्या 'होर्टुस मलबारिकुस'च्या (१६७८-१६९३) पहिल्या खंडात इट्टी अच्युदन या वैद्याचे, तसेच रंग भट, विनायक पंडित व अप्पू भट या तीन कोकणीभाषक वैद्यांचे प्रमाणपत्र छापलेले आहे. या तिघांचे १६७५ मधील निवेदन नागरी लिपीत आहे. ज्ञान कोणाकडून मिळाले याची साक्ष मुद्रित करण्याची ही रीत पुढील दोनशे वर्षांत क्षीण झाली. र्‍हीडही वसाहतवादी सत्तेचा अधिकारी होता, हे विसरण्याचे कारण नाही. पण नोंदीची पूर्णता या एकाच निकषावर पाहिले तर त्याचा ग्रंथ नंतरच्या पुष्कळ चिठ्ठ्यांपेक्षा अधिक प्रामाणिक ठरतो.

मौनाचा दुसरा प्रकार सामान्यतेमुळे उद्भवतो. संग्राहकाचे लक्ष दुर्मीळ वनस्पतीकडे असते. जी प्रत्येक कुंपणात आहे, ती 'सर्वत्र' या एका शब्दात संपते. सागरगोट्यासारखी वनस्पती त्यामुळे ग्रंथात सर्वत्र असते आणि संग्रहात तुरळक. काटेरी कुंपणांची जागा तारेने व बांधीव भिंतींनी घेतली, रस्ते रुंद झाले, खाडीचे बांध बदलले, की 'सर्वत्र' हा शब्द कधी खोटा झाला हे सांगण्यास साधन राहत नाही. नमुनापत्रांच्या संख्येवरून वनस्पतीचे प्राचुर्य ठरविणाऱ्या संगणकीय अभ्यासांनी ही त्रुटी ध्यानात घेतली पाहिजे.

पत्राविना यादी

येथवरच्या विवेचनाचा रोख आपल्या स्वतःच्या व्यवहाराकडे वळविणे क्रमप्राप्त आहे. रायगड जिल्ह्यापुरता विचार केल्यास कोठारी व मूर्ती यांचा १९९३ मधील 'फ्लोरा ऑफ रायगड डिस्ट्रिक्ट' हा भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेचा ग्रंथ संग्रहाधिष्ठित अभ्यासाचा पाया पुरवितो. त्यानंतरच्या काळात महाविद्यालयीन स्तरावर तालुकानिहाय, देवराईनिहाय, औषधी उपयोगनिहाय याद्यांचे शोधनिबंध मोठ्या प्रमाणावर लिहिले जात आहेत. त्यांपैकी अनेकांत वनस्पतींची नावे असतात, कुले असतात, टक्केवारीचे आलेखही असतात, परंतु नमुना कोठे ठेवला आणि त्याचा क्रमांक कोणता, याचा उल्लेख नसतो. अशा यादीत 'सीसॅल्पिनिया क्रिस्टा, खाडीकाठी, बी पोटदुखीवर' अशी ओळ आली, तर ती सागरगोट्याविषयी आहे की खारफुटीतील वेलीविषयी? लेखकास कोणता जुना ग्रंथ उपलब्ध होता त्यावर उत्तर अवलंबून राहील. यादी चुकीची आहे असे म्हणता येत नाही, आणि बरोबर आहे असेही सिद्ध करता येत नाही. खोडून काढण्याची सोयच नसलेले विधान संशोधन या संज्ञेस पात्र ठरते काय, हा प्रश्न आपण मार्गदर्शक व परीक्षक म्हणून स्वतःस विचारला पाहिजे.

यावर असे म्हटले जाईल की लहान महाविद्यालयांत संग्रह राखण्यास जागा, निधी व कीडनियंत्रणाची साधने नसतात. कोकणच्या दमट हवेत वाळविलेला नमुना टिकविणे खरोखरच कठीण आहे, त्यामुळे आक्षेपात तथ्य आहे. परंतु प्रत्येक महाविद्यालयाने मोठे हर्बेरियम उभारावे अशी येथे अपेक्षा नाही. एकाच झाडाच्या दोन फांद्या घेऊन एक पत्र पुण्यास किंवा मुंबईस मान्यताप्राप्त संग्रहात जमा करावे आणि तेथील क्रमांक शोधनिबंधात द्यावा, एवढे पुरेसे आहे. पावसाळ्याच्या उत्तरार्धात फुलांची फांदी आणि नंतर त्याच परिसरातून शेंगांची फांदी, उपपर्णांसह देठाचा तळ, बियांची वेगळी पुडी, आणि झाड बांधावरचे की कुंपणातले याची नोंद, एवढ्याने सागरगोट्याचे पत्र परिपूर्ण होते.

चिठ्ठीवर आणखी एक रकाना असावा. स्थानिक नाव नागरीत, ज्या उच्चारात ऐकले त्या उच्चारात लिहावे, आणि सांगणाऱ्या व्यक्तीची संमती असल्यास तिचे नाव नमूद करावे. हे काम केवळ वनस्पतिशास्त्र विभागाचे नाही. बोलीतील उच्चार टिपणे हे भाषा विभागाचे कौशल्य आहे, आणि जुन्या चिठ्ठीतील स्थळनाम सोडविणे हे इतिहास व भूगोल विभागांचे. रोह्याशी ज्यांच्या घराण्याचे नाते आहे त्या चिंतामणराव देशमुखांनी १९१७ मध्ये केंब्रिज येथे वनस्पतिशास्त्राचे फ्रँक स्मार्ट पारितोषिक मिळविले होते, आणि पुढे 'मेघदूता'चा मराठी अनुवादही केला. विद्याशाखांच्या भिंती या गावाला नवख्या नाहीत, पण त्या ओलांडल्याचे उदाहरणही याच गावाजवळ आहे.

समारोप

सागरगोट्याच्या नोंदींच्या या चिकित्सेतून तीन निष्कर्ष निघतात. एक, वनस्पतीचे शास्त्रीय नाव हे अभ्यासकाचे मत असते. ते १९३८ मध्ये बदलले, २०१६ मध्ये बदलले, आणि पुढेही बदलू शकेल. हे मत तपासून पाहण्याचे साधन नमुनापत्र पुरविते. दोन, नमुनापत्रही निर्दोष साक्षीदार नव्हे. कापलेले पान, संदिग्ध स्थळ, अनुल्लेखित माणसे आणि सामान्यतेची उपेक्षा या त्याच्या मर्यादा ध्यानात ठेवूनच त्याचे वाचन केले पाहिजे. तीन, या मर्यादांवरील उपाय खर्चिक नाही. तो नोंद करणाऱ्याच्या शिस्तीवर अवलंबून आहे, आणि ही शिस्त पदवी स्तरावरील विद्यार्थ्यासही शिकविता येते.

आगामी शैक्षणिक वर्षात रोहा परिसरातील एखाद्या प्रकल्पात शंभर वनस्पतींच्या यादीऐवजी दहा वनस्पतींची परिपूर्ण नमुनापत्रे तयार झाली, तर आलेखांची संख्या घटेल. मात्र पन्नास वर्षांनी नाव पुन्हा बदलले तरी त्या दहा नोंदी अभ्यासकाच्या उपयोगी पडतील. त्या दहांत पहिले पत्र सागरगोट्याचे असावे, कारण नोंदीत नेमके काय असले पाहिजे हे या वनस्पतीइतके स्पष्टपणे दुसरी क्वचितच शिकवील.